कासव जाताना काय म्हणायचं

एका म्हाताऱ्या कासवाचे डोळे मोठे केले म्हणून सध्या बरीच माणसं चिडली आहेत. मीही त्यांच्यातलाच. वय सत्तेचाळीस, एका सरकारी संशोधन संस्थेत औषधांवर काम करतो, स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो, आणि गेले तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून अनोळखी माणसांशी मोबाइलवर एका कासवावरून भांडतो. माझ्या हाताखालच्या मुलांना हे कळलं तर प्रयोगशाळेत माझी काय किंमत राहील, देव जाणे.

कासवाचं नाव टुन्नू मिस्त्री. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर लागायचं. हिंदीतलं, इथंच बनवलेलं कार्टून. एकेक चित्र हातानं काढलेलं, त्यामुळे कासव मधूनच थरथरायचं, आणि कधीकधी त्याच्या टोपीचा निळा रंग रेषेबाहेर सांडायचा. पाठीवर दोरीनं बांधलेली अवजारांची पेटी. दर रविवारी ते नव्या गावात यायचं, तिथलं मोडलेलं काहीतरी दुरुस्त करायचं आणि पेटी बांधून निघून जायचं. कधी देवळाची घंटा, कधी पाळणा, कधी विहिरीवरचा रहाट. मारामारी नाही, कुणी दुष्ट नाही. एका भागात तर ते जवळजवळ पूर्ण वेळ एकच गंजलेलं कुलूप उघडत बसलं होतं, आणि आम्ही भावंडं श्वास रोखून बघत होतो.

तेच कासव यंदाच्या मे महिन्यात परत आलं. संगणकावर घडवलेलं, चकचकीत, ओलं असल्यासारखं. टोपी गेली. पेटी गेली, तिच्या जागी कवचातून सर्रकन बाहेर येणारा एक यांत्रिक हात आला. डोळे बशीएवढे. आणि चाल अशी की याला कासव कशाला म्हणायचं हा प्रश्न पडावा. शेवटी ते कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतं आणि म्हणतं, "बाय-बाय गाइज़!" माझं पित्त खवळलं ते तिथं.

मे महिन्यात लखनौत सकाळी नऊनंतर घर बंद करून घ्यायचं, हा इथला शिरस्ता. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि मग दिवसभर त्या संध्याकाळसारख्या अंधारात वावरायचं. बाहेर लू सुटलेली असते. गरम वारा रस्त्यावरचे कागद उचलून कुठल्या कुठे नेऊन टाकतो. जानकीपुरमच्या या घरात एसी आहे, पण मे महिन्यात मी वडिलांच्या वेळचा कूलरच लावतो. त्याच्या जाळीतल्या खसवर पाणी पडलं की वास सुटतो. इथले लोक खस म्हणतात, आई वाळा म्हणायची. ती होती तोवर घरात हा शब्द होता. आता मी कुणाशी बोलताना वाळा म्हणणार? मराठी मी फोनवर कधीतरी वापरतो आणि हे असं लिहिताना वापरतो, तेवढंच.

मी एकटा राहतो. लग्न झालं होतं, टिकलं नाही; ते सांगायची ही जागा नव्हे. एकटेपणाची मला तशी सवय आहे, पण ज्येष्ठातले मंगळवार मला जड जातात. बड़ा मंगल म्हणतात त्यांना इथं. मारुतीच्या नावानं गल्लोगल्ली मांडव पडतात, मोठाल्या कढयांतून पुऱ्या निघतात, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून खायला घालतात. गेल्या मंगळवारी आमच्या कोपऱ्यावरच्या मांडवात मी पुरी-भाजी खाल्ली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाई साहब, घरवालों के लिए भी ले जाइए, ऐसे कैसे जाएँगे?" आणि द्रोण भरून दोन पिशव्या हातात दिल्या. घरी कुणी नाही असं म्हणायला तोंड उघडलं, पण मागे रांग होती. दोन्ही पिशव्या घेऊन आलो. बुधवारी सकाळी आणि संध्याकाळी तेच खाल्लं.

तर कासव. त्याच्या जुन्या चाहत्यांचा एक गट मोबाइलवर आहे, हे मला या मे महिन्यात कळलं. आत गेलो तर जत्रा भरलेली. गोरखपूरचा एक वकील लिहीत होता, "हमारा बचपन बेच खाया इन लोगों ने." एका बाईनं नव्या कासवाचं चित्र टाकून खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, "ये कौन है?" कुणी जुन्या शीर्षकगीताच्या ओळी आठवून आठवून जुळवत होतं. कुणी म्हणत होतं, लहान मुलांना आवडतंय ना, मग आपल्या पोटात का दुखतंय? त्याला सगळ्यांनी मिळून झोडपलं. मी पहिले दोन दिवस नुसता वाचत बसलो. सगळे चाळिशी ओलांडलेले. कुणाची आई नुकतीच गेलेली, कुणाची बदली झालेली, कुणाची मुलं परगावी. ते काही कुणी मुद्दाम सांगत नसे, पण टोपीच्या रंगावरून वाद घालता घालता वाक्यावाक्यांतून निसटून जायचं. मला त्या माणसांत बरं वाटायला लागलं. सकाळी उठून ज्यांना काही सांगावं अशी माणसं मला बऱ्याच दिवसांत नव्हती.

मग मीही तोंड घातलं. टोपी निळीच होती, हिरवी नव्हती, हे मी चार जणांना पटवून दिलं. रहाटाचा भाग घंटेच्या भागाच्या आधीचा, हेही. शास्त्रज्ञ माणूस, पुरावा मागायची खोड. लोक मला 'सर' म्हणायला लागले आणि मी थोडा फुगलो. त्याच भरात एका सकाळी मी लिहिलं: असली टुन्नू मिस्त्री कभी बाय-बाय नहीं कहता था. पेटी बाँधकर, टोपी ठीक करके कहता था, अच्छा, आता हूँ.

खाली पहिलंच उत्तर आलं ते कुणा टवाळ माणसाचं. "सर, 'आता हूँ' तो आदमी तब बोलता है जब बाथरूम जाना हो." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वकीलसाहेब म्हणाले, "चलता हूँ कहता था, सबको याद है." मी लिहिलं, "मैंने अपने कानों से सुना है." तिसऱ्यानं लिहिलं, "हर बात में आप ही सही हैं क्या?" माझे कान तापले. मोबाइल पालथा घालून कामावर गेलो आणि दिवसभर उंदरांच्या नोंदी तपासताना मनात त्या माणसांना उत्तरं देत राहिलो.

कारण माझी आठवण लख्ख होती. आजही आहे. आलमबागकडच्या रेल्वे कॉलनीतलं आमचं क्वार्टर. वडील रेल्वेत इंजिनिअर, मूळचे मिरजेचे, बदल्या होत होत इथं येऊन रुजलेले. समोरची खोली बंद केलेली, लूचा दाराबाहेर धडधडाट. जमिनीवर पाणी मारून आईनं ती पुसून घेतलेली, त्या ओल्या गारव्यावर मी आणि माझी धाकटी बहीण रेवा पोटावर पालथे पडलेले. मी अकरा-बारा वर्षांचा, ती पाचची. घरात तिला रेऊ म्हणायचे. समोर वाटीत दशहरी आंब्याच्या फोडी. आणि घोगऱ्या, खोल, दमलेल्या आवाजात ते कासव म्हणतंय: अच्छा, आता हूँ. तो आवाज मला आजही गर्दीत ओळखता येईल. तो ऐकला की पोटातली भीती खाली बसायची. इतका मी त्या आवाजावर विसंबून होतो, तो खोटा कसा असेल?

दोन दिवसांनी कानपूरच्या एका माणसानं वाद मिटवला. त्याच्या काकांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, त्यातल्या काही कॅसेट त्यानं जपून ठेवल्या होत्या. त्यानं घंटेच्या भागाचा शेवट टाकला. चित्र फिकट, मधून आडव्या रेघा जाणारं, पण माझंच कासव. त्यानं पेटी बांधली. टोपी सारखी केली. मी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. आणि कुणा सरकारी कारकुनासारख्या पातळ, नाकातल्या आवाजात ते म्हणालं, "अच्छा बच्चो, चलता हूँ."

शब्द वेगळा, ते एक वेळ समजलं असतं. पण आवाजही वेगळा. मी तो तुकडा सात-आठ वेळा बघितला. हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता.

हरलो असं कबूल करायला गटात गेलो तर तिथं बरेलीच्या एका बाईंनी लिहून ठेवलं होतं: "भाई साहब, बुरा न मानिएगा, आप मराठी हैं क्या? हमारे बग़ल में एक मराठी आंटी रहती थीं. जब भी उठकर जातीं, कहतीं, अच्छा, आती हूँ. अम्मी बेचारी चाय चढ़ाकर उनकी राह देखती रहतीं."

मी हसलो. एकटाच, मोठ्यानं, स्वयंपाकघरात उभा राहून. आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण ही गोष्ट आमच्याच घरची होती.

आपण 'जातो' म्हणत नाही. दुकानात जाणारा, परगावी जाणारा, महिन्याभरासाठी जाणारा, सगळे 'येतो' म्हणून निघतात. कुणी चुकून 'जातो' म्हणालं की आई त्याला दारातून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायची. वडिलांची ट्रेन सुटायला आली तरी तिनं हे केलेलं आहे. मिरजेहून लखनौला येताना तिनं हिंदी जमेल तेवढी उचलली, पण हा एक शब्द तिनं सोडला नाही. नुसता हिंदीत बदलून घेतला. शेजारच्या श्रीवास्तव भाभींकडे बसून उठताना म्हणायची, "अच्छा भाभी, आती हूँ." भाभींना वाटायचं, बाई आता घरातून काहीतरी घेऊन परत येणार. त्या दार उघडं ठेवून बसायच्या. एकदा तर दुसऱ्यांदा चहा करून, दोन कप भरून बसल्या होत्या. शेवटी त्याच आमच्या दारात आल्या. "बहनजी, आप तो आ रही थीं?" आई म्हणाली, "आले होते ना, म्हणजे... आ गई ना मैं, अपने घर." त्या दोघी दाराच्या चौकटीला धरून इतक्या हसल्या की वडील आतून बघायला आले. पुढं कित्येक वर्षं भाभी तिला चिडवायच्या, आती हूँ म्हणजे जाती हूँ ना बहनजी, एकदा पक्कं सांगा.

म्हणजे 'आता हूँ' हे कासवाचं नव्हतं. ते आमच्या घरातलं चुकीचं हिंदी होतं. आणि मग मला लाइट आठवली.

त्या उन्हाळ्यात रोज लाइट जायची. रविवारीही. कार्टून वीस मिनिटं चाललं की टीव्हीचं चित्र आक्रसून मधोमध एक पांढरा ठिपका व्हायचं आणि तोही विझायचा. पंखा घरघरत थांबायचा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, भर सकाळी खोलीत काळोख. म्हणजे ज्या शेवटांवरून मी जगाशी भांडत होतो ते त्या उन्हाळ्यातले शेवट मी बघितलेलेच नव्हते. घंटा वाजली की नाही, पाळणा हलला की नाही, हे कुणीतरी आम्हाला त्या काळोखात सांगितलेलं होतं. घोगऱ्या, खोल आवाजात. 'आता हूँ' म्हणत.

आई, मला वाटलं. दुसरं कोण असणार?

हे लक्षात आलं आणि माझी अवस्था विचित्र झाली. आईला जाऊन या मे महिन्यात तीन वर्षं होतील. तिचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. मोबाइल समोर धरलेला तिला आवडायचा नाही. धरला की बोलायची थांबायची आणि ओठ मिटून बघत राहायची. तिचे फोटो पुष्कळ आहेत. सगळ्यांत ती गप्प आहे. पहिलं वर्षभर मला तिचा आवाज मनात ऐकू यायचा, मग तो अस्पष्ट होत गेला. शब्द आठवतात, ती काय म्हणायची ते आठवतं, पण आवाज येत नाही. माझ्याच आवाजात ते शब्द वाचल्यासारखे येतात. याची मला लाज वाटते. सख्ख्या आईचा आवाज माणूस विसरतो?

आणि आता असं दिसत होतं की तो हरवलेला नाही. पस्तीस वर्षं मी तो कासवाचा समजून सांभाळत आलोय. आम्हाला हसवायला ती आवाज जाड करून बोलत असेल, म्हणून ओळखू आला नाही इतकंच. मला तो आवाज आईचाच हवा होता. एवढी कसली इच्छा मला बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. पण खात्री करून घ्यायला त्या खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस होतं, आणि तिला मी तीन वर्षांत नीटसा फोन केलेला नव्हता.

रेऊ कोइमतूरला असते. नवऱ्याची नोकरी तिकडची, एक मुलगी आहे, ईरा, सात वर्षांची. रेऊ लखनौतच जन्मली, वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून देते. लहानपणापासून आम्ही असेच बोलतो, मी मराठीत, ती हिंदीत, आणि आमचं काही अडत नाही. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. आमचं झालं ते असं, की आई दवाखान्यात दहा दिवस होती आणि मी रेऊला रोज फोन करून सांगत होतो, डॉक्टर म्हणताहेत सुधारणा आहे. एवढ्या लांबून धावपळ करू नकोस. मी सांगेन तेव्हा ये. दहाव्या दिवशी पहाटे मी 'ये' म्हणालो तेव्हा आई गेलेली होती.

रेऊ दुपारी अमौसीच्या विमानतळावर उतरली. तोवर घाटावरून आम्ही परत आलो होतो. मे महिना, ऊन, जमलेली माणसं म्हणाली उशीर नको, आणि मी हो म्हणालो. ती दारात उभी राहिली, खांद्यावरची बॅग तशीच. धुतलेल्या फरशीकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं. विचारलं, "हो गया?" मी म्हणालो, "हो." ती आत आली, हातपाय धुतले, आणि तेरा दिवस माझ्याशी नीट वागली. मला वाढलं, माझे कपडे धुतले. चौदाव्या दिवशी टॅक्सीत बसताना म्हणाली, "जा रही हूँ." हिंदीत सगळं जग असंच म्हणतं. माझे कान मराठी, मला ते लागलं. तेव्हापासून दिवाळीला एक निरोप, वाढदिवसाला एक निरोप, खाली हात जोडलेलं चित्र.

रविवारी सकाळी साडेदहाला मी फोन लावला. घर बंद, कूलर चालू. चार वेळा वाजल्यावर तिनं उचलला.

"हाँ दादा, बोल. सब ठीक?"

"ठीक आहे. एक विचारायचं होतं. टुन्नू मिस्त्री आठवतो तुला?"

मग ती हसली. तीन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. "नया वाला देखा तूने? क्या बना दिया यार उसको! मैं तो देखके बैठ ही गई. और ईरा को वही पसंद है, दिन भर वही चलता है घर में."

मग आम्ही दोघांनी त्या नव्या कासवाचा यथेच्छ समाचार घेतला. डोळे, चाल, तो यांत्रिक हात. तिनं विचारलं टोपी कुठं गेली, मी म्हणालो, तेच तर. गटातल्या लोकांचं सांगितलं, वकिलाचं, टवाळाचं, कानपूरच्या कॅसेटचं. बरेलीच्या बाईंचं सांगितलं तेव्हा तिला श्रीवास्तव भाभींचे दोन कप आठवले. तीन आठवडे मी जगाला जे सांगत होतो ते खरं तर इथं सांगायचं होतं, हे मला बोलता बोलता कळत होतं.

शेवटी मी विचारलं. "लाइट गेली की गोष्टीचा शेवट आई सांगायची ना आपल्याला? आवाज जाड करून?"

"आई?" ती म्हणाली. "आई तो छत पर होती थी. मई में हर इतवार कुरडई डालती थी न, भूल गया? लाइट जाती तो ऊपर से चिल्लाती थी, दरवाज़ा मत खोलना, लू घुसेगी."

ते मला आठवलं. गव्हाचा चीक, सोऱ्या, छतावर पसरलेली जुनी पांढरी धोतरं. दुपारी उन्हानं लाल झालेलं आईचं तोंड. ती त्या वेळी खाली असणं शक्यच नव्हतं.

"मग कोण सांगायचं?"

"तू, और कौन! मैं रोने लगती थी कि मिस्त्री डब्बे के अंदर फँस गया. तू मेरा हाथ पकड़के, गला बैठाके बोलता था. कि घंटी बज गई, सब लोग ख़ुश हो गए, मिस्त्री ने पेटी बाँधी और बोला, अच्छा रेऊ बिटिया, आता हूँ. मेरा नाम लेके बोलता था तू. मुझे तो स्कूल जाने तक लगता था वो मुझे जानता है."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? ती इतक्या मायेनं सांगत होती आणि मला रडू येत होतं, कारण मी आईला शोधायला गेलो होतो आणि तिथं एक अकरा वर्षांचा मुलगा घसा बसवून बोलत होता. ज्या आवाजानं भीती जायची तो माझाच होता. त्याचा आज मला काय उपयोग?

"मैं मान जाती थी," ती हळूच म्हणाली. "तू जो बोलता, मैं मान जाती थी." आणि मग, "उस बार भी मान गई."

कुठल्या वेळी ते विचारायची गरज नव्हती. तीन वर्षं हे वाक्य येणार म्हणून मी फोन टाळत होतो, आणि ते आलं तेव्हा त्यात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त सोपं गेलं की जास्त कठीण, सांगता येत नाही. पण मी बोललो.

"रेऊ, डॉक्टर तसं म्हणत नव्हते. पहिले दोन-तीन दिवस म्हणाले, मग नाही. मी खोटं सांगत होतो. तुला ये म्हटलं की आई जाणार हे नक्की होईल, असं मला वाटत होतं. माझी हिंमत झाली नाही. आणि घाटावरसुद्धा थांबता आलं असतं. तू दुपारी पोचणार हे मला माहीत होतं. लोक घाई करत होते, मी नाही म्हणू शकलो असतो. मला तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटली."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज. कुठं तरी त्या कार्टूनचं नवं, कर्कश संगीत. आणि मग बोलली ती मराठीत. तिचं मराठी ऐकलंय कुणी? सगळे शब्द पुल्लिंगी असतात त्यात, लहानपणी वडील पोट धरून हसायचे.

"दादा, तिकीट मी काढला होता. तू ये बोलला त्याच्या चार दिवस आधीचा. बॅग पण भरला होता. मग त्या दिवशी तू परत बोलला, थांब, सुधारणा आहे. मी तिकीट कॅन्सल केला." तिनं आवाज खाली आणला. "मला माहीत होता तू खोटा बोलतो. तुझा आवाज मला कळतो ना. पण मी मान्य केला. कारण मला बरा वाटला. आईला तसा बघायला नाही लागणार, म्हणून मला बरा वाटला."

मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की ती माझ्यावर रागावलेली आहे, आणि मी ते माझं देणं म्हणून निमूट सोसत होतो. ती तिकडं कोइमतूरच्या घरात स्वतःशीच तोंड लपवून बसली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दोघांनाही एकच भीती वाटली होती. ती दोघांनी मिळून सोसली असती तर आईच्या उशाशी आम्ही दोघं बसलो असतो. ते आता होणार नाही. मी नुसतं "रेऊ" म्हणालो, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडलो. कासवाच्या चाहत्यांच्या गटात यावर काय शेरे पडले असते कुणास ठाऊक.

तिकडं टीव्हीचं संगीत थांबलं. कुणाची तरी पावलं धावत आली.

"मम्मी? रो क्यों रही हो? किसका फ़ोन है?"

रेऊनं नाक ओढलं. "कुछ नहीं बेटा. मामा का है."

ईराचा आवाज फोनजवळ आला.

"कौन से मामा?" तिनं विचारलं.

रेऊला भाऊ मी एकटाच.